विश्लेषण : पाण्यावरचे नकली बदक आणि गोंदियाचे खरे तलाव, डिकॉय लावून बदकांची शिकार म्हणजे काय, आणि आपल्याकडे ती गुन्हा का?

थंडी पडू लागली की गोंदिया जिल्ह्यातील तलावांवर पाहुणे उतरतात. नवेगावबांध, इटियाडोह, सिरेगावबांध, बोदलकसा, चोरखमारा, परसवाडा, झिलमिली अशा लहानमोठ्या पाणवठ्यांवर मध्य आशिया आणि सायबेरियातून आलेली बदके मार्चपर्यंत मुक्काम करतात. याच दिवसांत मोबाइलवर एक वेगळेच दृश्य फिरत असते. परदेशातले धुके भरलेले तळे, पाण्यावर तरंगणारी प्लास्टिकची बदके, आडोशाला बसलेले शिकारी, वरून झेपावणारा थवा आणि बंदुकीचा बार. खाली प्रतिक्रियांमध्ये कोणीतरी विचारते, ‘आपल्याकडे असे करता येईल का? ही बदके तर ऑनलाइनही मिळतात.’

उत्तर एका ओळीचे आहे : नाही, भारतात हा गुन्हा आहे. पण कारण समजले नाही तर कायदा फक्त वनखात्याची कटकट वाटतो. शिवाय गोंदियातील बदकांना खरा धोका बंदुकीपेक्षा दुसऱ्याच गोष्टींचा आहे. त्यामुळे हा विषय मुळापासून समजून घ्यायला हवा.

डुबकी मारणारी बदके कोणती?

सगळी बदके एकसारखी चरत नाहीत. तलवार बदक, थापट्या, चक्रांग ही उथळ पाण्यात डोके खाली आणि शेपटी वर करून खातात. दुसरा गट पूर्ण बुडी मारून तळाशी जातो. मोठी लालसरी, छोटी लालसरी, नयनसरी आणि शेंडी बदक ही त्यातली आपल्याकडे हिवाळ्यात दिसणारी नावे. मोठ्या लालसरीचा नर ओळखायला सोपा : नारिंगी-तांबडे गोल डोके आणि लालभडक चोच. ती मुख्यतः पाणवनस्पती खाते. छोटी लालसरी वनस्पतींबरोबर गोगलगायी, किडे आणि अळ्याही खाते. साधारण एक ते अडीच मीटर खोलीपर्यंत बुडी मारणे हे तिचे रोजचे काम.

या बदकांचे पाय शरीराच्या बरेच मागे असतात. पाण्याखाली पोहायला ही रचना उत्तम, पण जमिनीवर चाल अडखळती होते. वजनाच्या मानाने पंख लहान असल्याने ती जागच्या जागी उडू शकत नाहीत. पाण्यावर काही अंतर धावत, पाय आपटत वेग घ्यावा लागतो. उतरतानाही वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने, मोकळी जागा बघून यावे लागते. विमानाला धावपट्टी लागते, तसेच. शिकारी नेमका याच गरजेचा फायदा घेतो.

फसवे बदक काम कसे करते?

अनोळखी गावात नाश्ता करायचा असेल तर माणूस गर्दी असलेली टपरी शोधतो. चार लोक तर्री-पोहे खात आहेत म्हणजे तिथले बरे असणार, हा त्याचा हिशेब. बदकाचा हिशेबही असाच असतो. उंचावरून त्याला पाण्याची खोली, तळाचे अन्न किंवा काठावर लपलेला शत्रू नीट दिसत नाही. दिसतात ती पाण्यावर निवांत बसलेली दुसरी बदके. ती बसली आहेत म्हणजे पाणी सुरक्षित आहे, खायला आहे. डिकॉय म्हणजे हाच विश्वास वापरणारे नकली बदक.

बुडी मारणारी बदके मोकळ्या, खोल पाण्यावर मोठ्या थव्याने बसतात. म्हणून त्यांच्या शिकारीत दोन-चार नकली बदकांनी भागत नाही. लांब दोरीला ठराविक अंतरावर अनेक बदके बांधतात आणि दोरीची टोके वजनाने तळाशी रोवतात. मांडणी बहुतेक वेळा इंग्रजी ‘जे’ किंवा ‘यू’ अक्षरासारखी असते. मध्ये मुद्दाम मोकळी जागा ठेवली जाते. वाऱ्याची दिशा अशी हिशेबात धरतात की उतरणारा थवा त्याच मोकळ्या पट्ट्यात, आडोशाच्या समोर येईल. त्या क्षणी पक्ष्याचा वेग सर्वांत कमी असतो.

ही पद्धत आली कुठून?

अमेरिकेतील नेवाडा राज्यातल्या लव्हलॉक गुहेत १९२४ मध्ये लव्हाळ्याने विणलेली नकली बदके सापडली. त्यांचे वय सुमारे दोन हजार वर्षे मानले जाते. त्यांतील काही रंग आणि पिसे लावून ‘कॅनव्हासबॅक’ या बदकासारखी सजवलेली आहेत. हे बुडी मारणारेच बदक, आपल्या लालसरीच्या कुळातले. म्हणजे या बदकांना नकली सोबत दाखवून फसवण्याची युक्ती निदान दोन हजार वर्षे जुनी आहे. ‘डिकॉय’ हा शब्द मात्र डच भाषेतून इंग्रजीत आला, असे मानतात. नेदरलँड्समध्ये तळ्याला जोडलेल्या निमुळत्या, जाळी घातलेल्या चरांत बदकांना वळवून पकडत. त्या व्यवस्थेत माणसाळलेली बदके आणि शिकवलेला कुत्राही असे.

भारतातही फसवणुकीची जुनी तऱ्हा होती, तिला लाकूड लागत नसे. तळ्यात रिकामी मडकी सोडून द्यायची. काही दिवसांत बदकांना तरंगत्या मडक्यांची सवय झाली की एका मडक्याला डोळ्यांपुरती भोके पाडून ते डोक्यावर घालायचे आणि गळ्यापर्यंत पाण्यात शिरायचे. बदकाजवळ पोचल्यावर पाय धरून त्याला खाली ओढायचे. इंग्रजांच्या काळातील शिकारवर्णनांत ही पद्धत वाचायला मिळते.

भारतात शिकार कधीपर्यंत कायदेशीर होती?

संस्थानिक आणि इंग्रज अधिकारी यांच्यासाठी बदकांची शिकार हा हिवाळी समारंभ होता. त्यात डिकॉयपेक्षा मनुष्यबळाचा वापर जास्त. बोटी आणि हाकारे थवे उठवत, बंदूकधारी ठरलेल्या जागी उभे राहत. राजस्थानातील भरतपूरच्या केवलादेव तलावावर १२ नोव्हेंबर १९३८ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांच्या शिकारीत एका दिवसात ४,२७३ पक्षी मारले गेले. तो आकडा तिथे दगडावर कोरून ठेवला आहे. त्याच केवलादेवला १९८५ मध्ये जागतिक वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. शिकारीची पाटी आणि वारशाचा दर्जा आज एकाच ठिकाणी आहेत.

स्वातंत्र्यानंतरही परवाना घेऊन बदके मारता येत होती. १९७२ मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा आला, तेव्हाही बदके खालच्या अनुसूचीत होती आणि परवान्याची वाट उघडी होती. १९९१ च्या दुरुस्तीने ती बंद झाली. हौस किंवा खेळ म्हणून वन्यपक्षी मारण्याचा परवाना तेव्हापासून कोणालाच मिळत नाही.

आज कायदा नेमका काय म्हणतो?

इथे अनेकांचा गैरसमज असतो, म्हणून मुद्दे सुटे करून पाहू.

• गोळी झाडली तरच शिकार, असे नाही. कलम २(१६) नुसार मारणे, विष घालणे, पकडणे, फास किंवा सापळा लावणे, हाकारणे, आमिष दाखवणे हे सगळे ‘शिकार’ या व्याख्येत येते. यांतील प्रत्येक प्रयत्नही शिकारच आहे. त्यामुळे बदक हाती लागले नाही म्हणून सुटका होत नाही.

• अंडी किंवा घरट्याला धक्का लावणे हीसुद्धा कायद्याने शिकार आहे. हिवाळी पाहुणी बदके इथे घरटी करत नाहीत. पण अडई, काणूक, हळदी-कुंकू बदक हे इथले रहिवासी पावसाळ्याच्या सुमारास वीण करतात. त्यामुळे हा मुद्दा उरलेल्या महिन्यांसाठीही लागू आहे.

• शिक्षा. २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. सर्वसाधारण गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शिकार अभयारण्यात किंवा राष्ट्रीय उद्यानात केली असेल तर किमान तीन आणि कमाल सात वर्षे कैद, शिवाय किमान २५ हजार रुपये दंड.

• खाणाराही सुटत नाही. कलम ३९ प्रमाणे शिकार केलेला वन्यप्राणी आणि त्याचे मांस ही सरकारी मालमत्ता आहे. ते जवळ बाळगणे, विकत घेणे, कोणाला देणे हा गुन्हा आहे. ‘मी मारले नाही, फक्त रस्सा खाल्ला’ हा बचाव कामाचा नाही.

• नकली बदक घरात असणे गुन्हा नाही. शोभेचे लाकडी बदक दिवाणखान्यात ठेवता येते. ते पाण्यावर मांडून खऱ्या बदकांना पकडण्यासाठी बोलावले की चित्र बदलते. फोटोसाठी म्हणून हा खेळ अभयारण्यात करणेही महागात पडू शकते. तिथे वन्यप्राण्यांना छेडणे किंवा त्रास देणे याला स्वतंत्र मनाई आहे.

अमेरिकेत चालते, मग इथे का नाही?

हा प्रश्न बिनबुडाचा नाही, म्हणून त्याला सरळ उत्तर द्यायला हवे. अमेरिकेत बदकांच्या शिकारीला ठराविक मोसम असतो, एका दिवसात किती पक्षी मारायचे याची मर्यादा असते आणि ती मर्यादा पक्ष्यांच्या पाहणीवरून बदलते. जिवंत बदकांचा डिकॉय म्हणून वापर तिथे १९३५ मध्येच बंद झाला. बदकांच्या शिकारीत शिशाचे छरे वापरण्यावर १९९१ पासून देशभर बंदी आहे. हे छरे तळाशी पडतात, बदके त्यांना वाळूचे खडे समजून गिळतात आणि विषबाधेने मरतात. १९३४ पासून प्रत्येक प्रौढ शिकाऱ्याला ‘डक स्टॅम्प’ नावाचे तिकीट घ्यावे लागते. त्या पैशातून पाणथळ जमिनी विकत घेऊन राखल्या जातात. म्हणजे बार उडवणाऱ्या रीलमागे नोंदी, मोजणी, शुल्क आणि तपासणी यांची मोठी यंत्रणा उभी असते. रीलमध्ये ती दिसत नाही, इतकेच.

‘मग आपणही शुल्क घेऊन मोसम ठरवू,’ असे म्हणणे सोपे आहे. त्यासाठी दरवर्षी, प्रत्येक पाणवठ्यावर, प्रत्येक जातीची भरवशाची मोजणी लागते. आपल्याकडे आशियाई पाणपक्षी गणना १९८७ पासून होते. पण ती जानेवारीत आणि मुख्यतः हौशी पक्षीनिरीक्षकांच्या बळावर. तेवढ्या नोंदींवर ‘इतकी मारा’ असा आकडा ठरवणे म्हणजे बँक पासबुक न बघता धनादेश फाडणे. शिवाय छोटी लालसरी २०१५ पासून जागतिक पातळीवर ‘संकटप्रवण’ यादीत आहे. नयनसरी त्याआधीच्या पायरीवर, म्हणजे संकटाच्या उंबरठ्यावर आहे. उडत्या थव्यात कोणती लालसरी मोठी आणि कोणती छोटी, हे धुक्यात ओळखणे सरावलेल्या निरीक्षकालाही कठीण जाते.

तिसरे कारण तलावांच्या आकाराचे. परदेशी रीलमधले पाणी मैलोगणती पसरलेले असते. गोंदियातील बहुतेक तलाव छोटे आहेत. दोन बार उडाले की सगळा थवा उठतो आणि पुन्हा बसायला जागा उरत नाही. प्रवासात झिजलेली चरबी भरून काढण्यासाठी पक्षी इथे आलेला असतो. वारंवार उठवले की खाण्यापेक्षा उडण्यातच त्याची शक्ती जाते. मार्चमध्ये परतीच्या वाटेवर त्याची किंमत चुकवावी लागते.

गोंदियात खरा धोका कशाचा?

डिकॉय आणि बंदूक हा खर्चाचा मामला आहे. भारतात पाणपक्ष्यांची चोरटी शिकार जिथे जिथे होते, तिथे साधने बहुधा स्वस्त असतात : उभी जाळी, फास आणि विष लावलेले दाणे. धानाचा जिल्हा म्हटल्यावर शेतात कीटकनाशके आलीच. ‘थिमेट’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या फोरेटच्या वापरावर ३१ डिसेंबर २०२० पासून देशात बंदी आहे. असे दाणेदार विष तांदळात कालवून काठावर टाकले की ते बदक, पाणकोंबडी, बगळा असा भेद करत नाही. मेलेले पक्षी खाणारी घार आणि कुत्राही त्यात जातो. असे मांस बाजारात आले तर विष माणसाच्या ताटापर्यंत पोचू शकते. डिकॉयने निदान एका थव्याची फसवणूक होते. विषाने अख्ख्या तलावाचा घात होतो.

बुडी मारणाऱ्या बदकांना आणखी एक धोका आहे आणि त्यामागे कोणाचा दुष्ट हेतूही नसतो. मासेमारीची बारीक नायलॉनची जाळी पाण्याखाली दिसत नाहीत. तळाशी चरायला गेलेली लालसरी त्यात अडकते आणि वर येता न आल्याने गुदमरते. फाटलेले, टाकून दिलेले जाळेही हेच काम वर्षभर करत राहते.

यात मच्छीमाराला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणे अन्यायाचे ठरेल. कारण हे तलाव टिकले तेच मुळी इथल्या लोकांमुळे. नवेगावबांधच्या तलावाचे श्रेय परंपरेने अठराव्या शतकाच्या सुरुवातीच्या कोलू पटेल कोहळी यांना दिले जाते. पूर्व विदर्भातील शेकडो तलाव कोहळी समाजाच्या पाणीज्ञानातून आणि मालगुजारांच्या काळात उभे राहिले. मालगुजारी संपली तसे ते सरकारकडे गेले, आणि ‘माजी मालगुजारी’चे लोकांच्या तोंडी ‘मामा तलाव’ झाले. त्यात मासेमारी करून जगणारा ढीवर समाज पिढ्यानपिढ्या याच पाण्यावर आहे.

बदक आणि मासा यांचे हित एकच कसे?

गाळ साचला, बेशरमाची झुडपे माजली, तळाच्या देशी पाणवनस्पती गेल्या की माशांना अंडी घालायला जागा राहत नाही आणि लालसरीला खायला उरत नाही. अर्जुनी मोरगाव तालुक्यात ढीवर समाजातील स्त्री-पुरुषांनी काही तलावांतून बेशरम उपटून देशी पाणवनस्पती पुन्हा लावल्या. हेतू देशी मासे परत आणण्याचा होता. पण त्याच वनस्पती बदकांचे अन्न आहेत. पक्षी वाचवा ही मोहीम आणि मासे वाढवा ही योजना कागदावर दोन वेगळ्या खात्यांच्या असल्या तरी पाण्याखाली त्या एकच आहेत.

म्हणून उपायही इथूनच सुरू व्हायला हवा. नोव्हेंबर ते मार्च या काळात बदकांचे थवे जिथे चरतात, तेवढा भाग जाळ्यांपासून मोकळा ठेवणे. कोणत्या भागात आणि कोणत्या वेळी जाळे टाळायचे हे मच्छीमार संस्थेला सोबत घेऊन ठरवणे. त्या बदल्यात तलावाची साफसफाई, बेशरम निर्मूलन आणि मत्स्यबीज यांत संस्थेला सरकारी साथ देणे. जुनी जाळी परत घेण्याची सोय करणे. यातले काहीच अवघड तंत्रज्ञान नाही. ओडिशात चिलिका सरोवराकाठच्या मंगलाजोडी गावात पूर्वी पाणपक्ष्यांची शिकार करणारेच पुढे त्यांचे राखणदार झाले आणि आज पर्यटकांना नावेतून पक्षी दाखवतात. नवेगावबांधची ख्याती तर मारुती चितमपल्ली यांच्या लेखनातून मराठी घरांत आधीच पोचलेली आहे. मंगलाजोडीला जे नव्याने कमवावे लागले, ते नाव इथे आयते आहे.

वनखात्याने फक्त नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत गस्त घालून चालणार नाही. बदकाला हद्द कळत नाही. परसवाडा किंवा झिलमिलीसारखा गावतलाव त्याच्यासाठी तितकाच महत्त्वाचा आहे आणि तिथे राखण असते ती गावकऱ्यांचीच.

वाचकाने काय करावे?

• तलावावर जाळी उभारलेली, फास लावलेले किंवा एकाच ठिकाणी बरेच पक्षी मेलेले दिसले तर वनविभागाच्या १९२६ या मदत क्रमांकावर कळवा. मेलेल्या पक्ष्यांना हात लावू नका. विष असू शकते आणि बर्ड फ्लूचीही शक्यता असते.

• शिकाऱ्यांशी स्वतः हुज्जत घालू नका. ठिकाण आणि वेळ नोंदवा, शक्य असल्यास लांबून फोटो घ्या.

• ‘रानातले बदक’ म्हणून कोणी मांस देऊ केले तर घेऊ नका. मागणी असते तोवरच जाळे लागते.

• पक्षी बघायला गेलात तर थव्याच्या दिशेने नाव नेऊ नका, ड्रोन उडवू नका. उडणाऱ्या थव्याचा व्हिडिओ छान येतो, पण त्यासाठी त्या बदकाला त्या सकाळचे खाणे सोडावे लागते.

• दुर्मीळ पक्षी दिसल्यास नेमके ठिकाण लगेच सार्वजनिक समूहात टाकू नका. पक्षीनिरीक्षक जसा तो संदेश वाचतो, तसा शिकारीही वाचतो.

डिकॉयमागचा नियम शेवटी साधा आहे : पाण्यावर बदके बसलेली दिसली की आणखी बदके येतात. शिकारी तो नियम बार उडवण्यासाठी वापरतो. गोंदियाला तोच नियम उलट्या बाजूने वापरता येईल. एखाद्या तलावावर पन्नास लालसऱ्या हिवाळाभर निर्धास्त बसल्या, तर वरून जाणारा पुढचा थवा तिथे आपोआप उतरेल. त्यासाठी नकली बदके लागत नाहीत. खऱ्या बदकांना कोणी उठवू नये, एवढेच लागते.